बंदरावरची गुणवत्ता यादी

ही गोष्ट २०१६ सालची. लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते साल. एप्रिलात पहिली गाडी स्टेशनात लागली तेव्हा आमचे हे, म्हणजे माधवराव, टोपी घालून बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "पन्नास डबे आले तरी नळाला यायला आठ दिवस लागणारच. तोवर ताटं पुसून घ्या." हे नांदेडला पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं होते, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं सहसा खरं ठरायचं.

ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत माझी मुलींची मेस होती. खाली स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल, वर आठ खोल्या. एरवी चाळीस मुली असत. त्या उन्हाळ्यात पाण्यापायी बऱ्याच जणी गावी गेल्या आणि ज्यांची मे महिन्यात सीईटी होती अशा अकरा उरल्या. त्यातली एक मृण्मयी तांडेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरची, कोळ्याची मुलगी. कोकणातून लातूरला पोरं यायला लागली होती तेव्हा. अंघोळीला अर्धी बादली मिळेल, असं पहिल्याच दिवशी सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे एवढ्यात आम्ही पाय पण धूत नाही." पण दोन वर्षं राहिली, कधी कुरकुर केली नाही.

स्वयंपाक लक्ष्मीबाईंकडे असे. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्यामुळेच ऋतुजा आमच्या घरात आली.

त्र्याण्णवच्या भूकंपात लक्ष्मीबाईंचं औसा तालुक्यातलं गाव गेलं. नवरा, सासू, दीर, जाऊ, सगळे एका पहाटेत. उरली ती धाकट्या दिराची चार वर्षांची पोरगी. ती ऋतुजा. लक्ष्मीबाई तिची चुलती, पण पोरगी त्यांना पहिल्यापासून थोरली माय म्हणायची. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते. पत्र्याच्या शेडमधल्या मदत छावणीत स्वयंपाकाला आम्ही शाळेच्या बायका आळीपाळीने जायचो. तिथे या बाईला पहिल्यांदा बघितलं. वर्षभराने मी मेस काढायचं ठरवलं तेव्हा त्यांनाच बोलावलं. त्या एक ट्रंक आणि ती पोरगी घेऊन आल्या, आणि पुढची पंचवीस वर्षं आमच्याकडे राहिल्या.

ऋतुजा आमच्या अंगणात, बारावीच्या मुलींच्या पायात पायात करत मोठी झाली. आमच्या गल्लीत दर जूनमध्ये फ्लेक्स लागत. हार घातलेले फोटो, खाली गुण, डॉक्टर होणाऱ्यांची नावं. रस्त्याचा एक खांब मोकळा नसायचा. ही पोरगी ते वाचत वाचत वाचायला शिकली म्हटलं तरी चालेल. स्वतः बारावीला बसली २००७ साली. मेडिकल नऊ गुणांनी हुकलं. उदगीरला तेव्हा मत्स्य महाविद्यालय नवंच होतं. फॉर्ममध्ये शेवटचा पर्याय म्हणून लिहिलेलं ते मिळालं.

लोकांनी चेष्टा केली. "मासोळीला सलाईन कुठून लावतेस गं?" असं शेजारचे विचारायचे. लक्ष्मीबाई माळकरी, आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. पण त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. "जित्या जीवाचंच शिकून राहिली ना? मग बास."

पदवी झाली, मुंबईला वर्षभर पुढचं शिक्षण झालं आणि २०१२ साली एका संस्थेच्या कामावर ती कोकणात गेली. ते काम काय, हे तिने आम्हाला एकदा जेवताना समजावलं होतं. मला ते अजून शब्दाला शब्द आठवतं, कारण यांना गप्प करणारं माणूस मी तेव्हाच पाहिलं.

"समुद्रात पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद असते, काका," ती म्हणाली. "ती बंदी चांगलीच आहे. पण बाकीच्या दहा महिन्यांतही पिल्लांचे थवे येतात. पाणी कुठे गार, कुठे कोमट, त्यावर ते फिरतात. एखाद्या बोटीचं जाळं त्या थव्यात पडलं की टनभर पिल्लू वर येतं. त्याला बाजारात किंमत नाही, आणि पुढच्या वर्षीचा मासा मेला तो मेलाच. कासवंही अडकतात."

"मग ती जागा बंद करा."

"आज करू. उद्या थवा तिथे नसणार. म्हणून रोजच्या रोज नकाशा काढायचा. उपग्रहावरून पाण्याचं तापमान कळतं, बोटीवाले सांगतात कुठे पिल्लू लागलं, दोन्ही मिळवून एक चौकोन आखायचा. आज या चौकोनात जाळं टाकू नका, बाकी समुद्र मोकळा. उद्या चौकोन सरकेल."

"रोज सरकणारा नियम कुणी पाळत नसतं," हे म्हणाले. "सरकारी कामात तर नाहीच. आदेश निघायला महिना जातो."

"काका, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे तुम्ही तारखेवर उघडत होतात का?"

"वेडी का काय? तारखेवर उघडले असते तर नांदेड वाहून गेलं असतं. पाणी येईल तसे उघडायचे."

"मग मासे तरी तारखेवर कसे येतील?"

यांनी भाकरीचा तुकडा ताकात बुडवला.

तर २०१६ च्या एप्रिलच्या शेवटी ही ऋतुजा अचानक आली. सुट्टी नसताना. चेहरा उतरलेला. लक्ष्मीबाईंनी विचारलं तर म्हणाली, "थोरली माय, काही नाही, दमले." मला मात्र रात्रीची भांडी आवरताना तिने सांगितलं. बंदरावर एकसष्ट बोटी. डिसेंबरपर्यंत चाळीस बोटी तिला पिल्लांची खबर देत होत्या आणि नकाशा पाळत होत्या. आता तीन. बोटीवाल्यांच्या सोसायटीची सभा पंधरा मेला होती. सोसायटीने पुढच्या वर्षासाठी पत्र दिलं तर काम चालणार, नाही तर एकतीस मेला गुंडाळायचं. चार वर्षांचं काम. आणि सोसायटी एका माणसाच्या शब्दावर चालायची, तो माणूस तिच्याशी बोलत नव्हता.

"का बोलत नाही?"

"त्यांना कळतच नाही, काकू. विज्ञान नको असतं लोकांना."

मी ऐकून घेतलं. पण ही पोरगी खोटं बोलताना फ्रॉकच्या नाही तर ओढणीच्या टोकाशी चाळा करते, हे मला ती चार वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत एक जीप शिरली. मागे पाण्याचे वीस कॅन दोरीने बांधलेले. उतरला तो पन्नाशीचा काळा, रुंद माणूस, पांढरा शर्ट, हातात एक बोचकं. मृण्मयी वरून "बाबा!" म्हणून ओरडत जिना उतरली.

"हरेश्वर तांडेल," त्याने मला नमस्कार केला. "पोरीनं फोनवर सांगितलं, इथं पाणी नाय. म्हटलं, कोळ्याची पोर तहानेनं मेली तर गावात तोंड काय दाखवू? चौदा तास गाडी चालवून आलोय, बाय."

हे ओसरीवरून म्हणाले, "या या. सरकार रेल्वेनं आणतंय, तुम्ही जीपनं. आता विमानानं तेवढं यायचं राहिलं."

तो मोठ्याने हसला आणि बोचकं पुढे केलं. "आणि हे थोडं सुकं. बोंबील हायत, सोडे हायत."

लक्ष्मीबाई दारातल्या दारात दोन पावलं मागे सरल्या. मी ते बोचकं घेतलं आणि मुलींच्या गच्चीवर नेऊन ठेवलं. सबंध गल्लीतली मांजरं दुपारपर्यंत जमा झाली होती.

तेवढ्यात ऋतुजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"तू?" हरेश्वर म्हणाला. "नकाशेवाली?"

"नमस्कार, नाखवा."

"अरे देवा!" त्याने कपाळावर हात मारला. "समुद्रात सुटका नाय म्हणून डोंगराकडं आलो, तर इथं पण हीच!"

सोसायटीचा तो माणूस म्हणजे हाच, हे मला तेव्हा कळलं. आपल्या मेसमधल्या मुलीचे वडील त्याच बंदरावरचे आहेत हे ऋतुजाला ठाऊक नसावं, याचं मला नवल वाटलं. पण ती वर्षातून एकदा यायची, आणि मृण्मयीला आम्ही सगळे 'कोकणवाली' म्हणायचो. आडनाव कुणी कशाला घेतं?

जेवायला बसलो. मुली क्लासला गेल्या होत्या, फक्त मृण्मयी बापाशेजारी बसली. पहिला भात झाला. मग यांनीच काडी लावली. "काय हो नाखवा, आमच्या पोरीचं विज्ञान तुम्हाला नको म्हणे?"

"विज्ञान?" त्याने घास खाली ठेवला. "साहेब, माझ्या बापाला पाण्याचा रंग बघून कळायचं पिल्लू कुठं हाय. पोरीचा नकाशा तेच सांगतो, फक्त लांबचं पण सांगतो. पहिल्या वर्षी मी हसलो. दुसऱ्या वर्षी चार वेळा खरा ठरला, मग नाय हसलो. सगळ्यात आधी मी घेतला तिचा नकाशा. विचारा तिला."

ऋतुजा ताटाकडे बघत होती.

"मग बिनसलं कुठं?"

"तिनं नाय सांगितलं? सांग की गो."

ती सांगेना, तेव्हा त्यानेच सांगितलं. जानेवारीत एक दिवस पहाटे बोट लावून बघतो तर जेटीवर दहा फुटी फ्लेक्स. वर लिहिलेलं, 'गुणानुक्रमे यादी'. पहिला क्रमांक हरेश्वर तांडेल, चौऱ्याण्णव टक्के. त्याचा फोटो, फोटोला हार. खाली दुसरा, तिसरा, असे दहा. त्याखाली नकाशा न पाळणाऱ्या बोटींची नावं, लाल अक्षरात. आणि बाजूला समुद्राचा मोठा नकाशा. कुठल्या बोटीने कुठून खबर दिली त्याचे रंगीत ठिपके. त्याचे ठिपके हिरवे.

"हार घातला मला," तो म्हणाला. "बायको विचारते, तुम्ही गेलात का काय?"

हे हसले. मला हसू आलं नाही. मी डोळ्यांसमोर आमची गल्ली बघत होते.

"बरं, हाराचं जाऊ द्या. पण ते ठिपके! साहेब, सतरा वाव खोल पाण्यात माझी एक जागा हाय. थंडीत पापलेट येतं तिथं. बापानं मला दाखवली, माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक नाय. तिथं पिल्लू लागलं तर मी गपचूप हिला कळवायचो, कारण तिनं शब्द दिलेला की खबर तिच्यापाशी राहील. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर माझ्या जागेवर बत्तीस बोटी. बत्तीस! आठ दिवसांत साफ केली जागा."

"मी नावं लिहिली नव्हती नकाशावर," ऋतुजा हळूच म्हणाली. "फक्त रंग."

"आणि वर माझ्या फोटोला हिरवी चौकट! बंदरावरची पोरं काय आंधळी हायत?"

मग ऋतुजा जे बोलली ते मी विसरले नाही. ती म्हणाली, "नाखवा, मी इथे वाढले. या गल्लीत. माणसाला यापेक्षा मोठा मान असतो हे मला माहीतच नव्हतं. माझा फोटो कधी लागला नाही. मला वाटलं, तुमचा लावला की तुम्हाला..."

हरेश्वरचा आवाज जरा खाली आला. "पोरी, तुमच्याकडं पहिल्या आलेल्याचे गुण कुणी पळवून नेत नाय. माझी जागा नेली ना."

आणि मग एकदा तोंड उघडलं म्हणून त्याने बाकीचंही काढलं. नकाशा सकाळी नऊला येतो, बोटी सुटतात पहाटे चारला. तो काय शिळा वाचायचा? त्यावर अक्षांश-रेखांश, खलाशी चौथी शिकलेले, त्यांना वाव कळतो, खडकाचं नाव कळतं. चौकोन चुकला तर डिझेल कुणाचं? आणि चुकला हे कबूल तरी कोण करतं? ऋतुजाने कुठूनशी वही आणली आणि लिहायला लागली. रडत होती, पण लिहीत होती.

"यातलं शेवटचं सोडून सगळं होण्यासारखं आहे," हे म्हणाले. "पण तुम्ही सरकारी आदेशाची वाट बघू नका. पस्तीस वर्षं मी आदेश काढलेत. आदेश निघेपर्यंत तुमची पिल्लं आजी होतील. आपसात ठरवा, सोसायटीच्या ठरावावर."

"ठराव कशावर करू, साहेब? खबर दिली की जागा जाते. खबर नाय दिली तर नकाशा आंधळा. हितंच तर गाडी अडली."

तो हात धुवायला उठला. मोरीजवळच्या फळीवर पत्र्याचा एक डबा होता, झाकणाला भोक पाडलेला, आणि शेजारी वाटीत चिंचोके. क्लासवरून येऊन-जाऊन मुली त्यात चिंचोके टाकायच्या. तेवढ्यात क्लासवरून एक मुलगी आली, तिने तीन चिंचोके आत टाकले आणि गेली.

"हे काय, बाय? देवाचं काय?"

लक्ष्मीबाई ताटं उचलत होत्या. त्या परक्या माणसाशी फारशा बोलत नसत. पण त्या दिवशी बोलल्या.

"रात्रीला किती पोळ्या खानार, तेवढे चिंचोके टाकायचे. सांजला म्या मोजते, तेवढीच कणिक भिजवते. पानी वाया जात न्हाई, अन्न वाया जात न्हाई."

"मग नावाची यादी करा की. सोपं पडंल."

"नावं नगं." त्यांनी ताटं खाली ठेवली. "भूकंपाच्या वक्ताला छावनीत जेवन यायचं. वाढनारी पोरं चांगली होती, शिकलेली. वही घेऊन दारोदार पुसायची, मावशी, घरात मानसं किती? आता काय सांगावं? आठ म्हनावं तर सहा न्हाईत. दोन म्हनावं तर जीभ उचलत न्हाई. बाया दार लावून घ्यायच्या. उपाशी राहायच्या पन सांगायच्या न्हाईत. मंग म्या एक मडकं ठिवलं. म्हनलं, कुनी पुसनार न्हाई. जेवढ्या भाकरी पायजेत तेवढे चिंचोके टाका. दुसऱ्या दिशी मडकं निम्मं भरलं."

मीही त्या छावणीत होते. वही घेऊन दारोदार जाणाऱ्यांत मीसुद्धा होते, हे लक्ष्मीबाईंनी सांगितलं नाही. त्यांनी ते पंचवीस वर्षांत कुणालाच सांगितलं नाही.

"इथंबी तसंच," त्या म्हणाल्या. "एखाद्या दिशी चिंचोके कमी भरले की समजायचं, कुना तरी पोरीचा पेपर बिघडला. कोन ते कशाला पुसायचं? त्या दिशी शिरा करायचा, सगळ्यांनाच. भूक मोजायची हाय. मानूस कशाला मोजावं?"

हरेश्वर ओल्या हाताने तसाच उभा होता. ऋतुजाचं लिहिणं थांबलं होतं. त्या डब्यात तिने स्वतः बारा वर्षं चिंचोके टाकले होते.

"नाखवा," ती सावकाश म्हणाली, "मला बोटीचं नाव नकोच. कधीच नको होतं. मला पिल्लू किती आणि कुठल्या पट्ट्यात, एवढंच पाहिजे. पट्टे मोठे करू. पाच मैलांचे. त्यात तुमची जागा कुणाला सापडणार नाही. खबर सोसायटीच्या कुणा एकाच्या फोनवर जाईल, तुम्ही सांगाल त्याच्या. तो नाव काढून फक्त पट्टा आणि वजन मला देईल."

"आणि यादी?"

"यादी नाही. फोटो नाही. लाल नावंसुद्धा नाहीत."

त्याने लगेच हो म्हटलं नाही. पंचा मागून हात पुसले, बसला, सुपारी कातरली. "एकदा फसलेली माणसं हायत, पोरी. माझा शब्द चालंल, पण शब्द द्यायचा कशावर? मलाच अजून राग हाय."

तेव्हा मृण्मयी बोलली. इतका वेळ ती भाताची शितं गोळा करत बसली होती.

"बाबा, तुम्हाला एका फ्लेक्सचा एवढा राग आलाय. माझे दर रविवारचे टेस्टचे मार्क तुम्ही ग्रुपवर टाकता ना? दोन वर्षं झाली. सगळ्या बंदराला माहीत असतं माझं फिजिक्स किती. मागच्या महिन्यात दोनशेपैकी एकशे बारा पडले तर बर्फवाल्या काकांनी मला फोन करून समजावलं."

"अगो, कौतुकानं टाकतो."

"ऋतुजाताईंनी पण कौतुकानंच लावला होता."

आमचे हे इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. हरेश्वर आधी लालबुंद झाला, मग त्यालाही आवरेना. म्हणाला, "लातूरच्या पाण्यात काय तरी हाय, साहेब. आणि पाणी तर नाय तुमच्याकडं!"

संध्याकाळी तो निघाला. कॅन उतरवून दिले, लक्ष्मीबाईंना वाकून नमस्कार केला. ऋतुजाला एवढंच म्हणाला, "सभेत मी विषय काढीन. पटवायचं तू. आणि आधी माफी मागायची, मग नकाशा." ती त्याच रात्रीच्या गाडीने गेली.

सभा पाच तास चालली म्हणे. लाल अक्षरात ज्यांची नावं होती ते बोलून बोलून दमले, तोवर ती उभी राहून ऐकत होती. शेवटी पत्र मिळालं ते अर्धमुर्धं. पावसाळ्यानंतर तीन महिने करून बघायचं, एकोणीस बोटींनी. चाललं तर पुढे, नाही तर राम राम.

ऑगस्टात बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. नकाशा आता रात्री आठच्या आत फोनवर जायचा, वाव आणि खडकांची नावं घातलेला. चौकोन चुकला की दुसऱ्या दिवशीच्या नकाशावर पहिल्या ओळीत ऋतुजा 'काल चुकलं' असं लिहायची. मला ते फार आवडलं. हे म्हणाले, आमच्या खात्यात असं लिहिलेलं मी एकदाही वाचलं नाही.

खरी कसोटी नोव्हेंबरात लागली. दिवेलागणीला ऋतुजाचा फोन आला.

"काकू, आजचा चौकोन नाखवांच्या सतरा वावावर पडलाय. यंदा जागा जरा सावरलीय, पापलेट परत आलंय. ते सगळ्यांना म्हणाले होते, उद्या तिथे जातोय. आता हा नकाशा पाठवला तर त्यांना वाटेल मी मुद्दाम... आणि ते तुटले की एकोणीसही तुटतील. थोडा उत्तरेला सरकवला तर कुणाला कळणार पण नाही."

मी विचारलं, "परवाचा कुणाच्या जागेवर होता?"

"माहीत नाही. कुणाच्या तरी असेलच."

"त्या दिवशी मला फोन केला होतास?"

ती मग म्हणाली, "ठेवते, काकू. आठ वाजायला आलेत."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं. लक्ष्मीबाईंना मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी दोनदा विचारलं, फोन आला का. फोन आला तो तिचा नाही, हरेश्वरचा.

"बाय, तुमच्या पोरीनं माझ्याच जागेला कुलूप लावलं," तो म्हणाला. पाठीमागे इंजिनाचा आवाज होता. "जेटीवर सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी काय बोललो नाय. बोट फिरवली आणि दक्षिणेला गेलो. मिळालं ते मिळालं, फार नाय." थोडं थांबून म्हणाला, "तिनं सरकवला असता ना चौकोन, तर मला कळलं असतं. मी पाणी बघितलंय. पिल्लू होतंच तिथं."

त्या आठवड्यात आणखी अकरा बोटी आल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. मार्चपर्यंत एकसष्टपैकी अठ्ठेचाळीस झाल्या. उरलेल्या तेरांनी कधीच ऐकलं नाही आणि त्यांचं कुणी नावही घेतलं नाही.

एवढीच ती हकीकत. आता त्यातलं कोण कुठे आहे, ते सांगते.

माधवराव २०१९ च्या दिवाळीत गेले. शेवटपर्यंत रोज संध्याकाळी ऋतुजाचा नकाशा फोनवर मागवून घ्यायचे. आमचा पुतण्या आलोक विचारायचा, काका, लातुरात बसून तुम्हाला काय करायचंय समुद्राचं? त्याला म्हणायचे, गेट कुणाचं उघडंय ते बघून राहिलो.

मृण्मयीचा त्या वर्षी नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी लागला, नांदेडला शिकली, आता कोकणात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. तिचे गुण किती पडले ते तिच्या वडिलांनी मला अजून सांगितलेलं नाही.

हरेश्वरने गुडघे गेल्यावर बोट मुलाकडे दिली. सोसायटीच्या ऑफिसात बसतो. बोटींची खबर त्याच्याच फोनवर येते. कुणाची जागा कुठे, हे आता बंदरावर त्याच्या एकट्यालाच ठाऊक आहे, आणि तो ते कुणाला सांगत नाही, मुलालासुद्धा नाही.

लॉकडाऊनमध्ये मेस बंद केली ती पुन्हा उघडली नाही. मी नांदेडला आलोककडे राहते. लक्ष्मीबाई २०२१ मध्ये गेल्या. त्याआधी एकदा ऋतुजाने त्यांना समुद्र दाखवायला नेलं होतं. दोन दिवस राहिल्या, जेटीवर बसून बोटी येताना बघितल्या. कसा वाटला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लई मोठा हाय. पन पोरीला समदे वळखतात तिथं."

ऋतुजा पस्तिशीत आहे. कोकणातलं काम तिथल्याच दोन मुलांच्या हाती सोपवून ती दोन वर्षांपूर्वी पूर्व किनाऱ्यावर गेली. तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि जाळ्यात मरतात. भाषा वेगळी, माणसं वेगळी. एकशे चाळीस बोटी आहेत. अजून एकाही बोटीने हो म्हटलेलं नाही. मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा सांगत होती, सध्या नकाशा काढतच नाहीये, नुसती त्यांच्याबरोबर पहाटे बोटीवर जाते आणि त्यांच्या खडकांची नावं लिहून घेते. आतापर्यंत दोनशे सहा झालीत.